जुन्या डिझेल जीपचा पंप उतरवणं, दुरुस्त करणं, परत बसवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या सत्तरीत आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, आहे आणि त्या कुळागरात जुनी महिंद्रा जीप आहे. गेल्या काही वर्षांत तिचा डिझेल पंप, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप, तीनदा उतरवला. त्यातला एकदा उतरवायची खरंच गरज होती. तेव्हापासून वाळपई, डिचोली, कुळे, कुठून ना कुठून फोन येतात आणि प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाने डिझेल सोडणाऱ्या नव्या, गाड्यांचा इथे संबंध नाही. ज्या पंपात संगणक नाही, नुसतं लोखंड आणि डिझेल आहे, त्याच्याबद्दल हे सगळं.

गाडी ओढत नाही, धूर टाकते. पंप गेला का?

बहुधा नाही. पंप हा शेवटचा संशयित, पण बिचारा सगळ्यात आधी पकडला जातो. कारण तो समोर दिसतो आणि टाकी दिसत नाही.

आधी एवढं करा. फिल्टरकडून पंपात जाणारा रबरी पाइप काढून त्या जागी हातभर पारदर्शक पाइप लावा, क्लिपा नीट आवळा आणि गाडी चालू करा. पाइपात बुडबुडे पळताना दिसले तर पंपाला हात लावायचं कारण नाही. हवा मागून येतेय. आमच्या हवेत टाकीतली ओढणारी नळी वरच्या टोकाला, जिथे टाकी अर्धी झाली की डिझेल पोचत नाही तिथे, गंजून सुईच्या अग्राएवढी भोकं पडतात. टाकी भरलेली असताना गाडी मस्त चालते आणि अर्ध्याखाली आली की झटके देते. हे लक्षण ऐकलं की मी फोनवरच सांगतो, टाकी उतरव.

मग फिल्टर. मग टाकीच्या तोंडाची आणि श्वासाच्या नळीची तपासणी. झाकण काढल्यावर ‘फस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीला श्वास मिळत नव्हता एवढंच. त्यानंतर नॉझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी. नॉझल उतरवून तपासायला पंपाच्या मानाने किरकोळ खर्च येतो. पिंटल प्रकारचे नॉझल, म्हणजे ग्लो प्लगवाल्या जुन्या इंजिनातले, साधारण ११० ते १५० बारच्या दरम्यान उघडतात. ते कमी दाबावर उघडून धार सोडत असतील तर काळा धूर आणि ठोका दोन्ही येतात, आणि दोष मात्र पंपाच्या नावावर लागतो.

पण मग पंपच खराब आहे हे ओळखायचं कसं?

एक जुनी युक्ती आहे, ती रोटरी पंपाला (ज्याच्या गोल डोक्यातून नळ्या निघतात तो) लागू पडते. माझ्याच गाडीची गोष्ट सांगतो. केरीहून चोर्ला घाट चढून वर चहाला थांबलो. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, पण पेटत नाही. सकाळी घरी एका सेल्फला चालू झालेली गाडी! टपरीवरून पाण्याची कळशी आणि एक फडकं मागून घेतलं, फडकं ओलं करून पंपाच्या मागच्या भागावर, जिथून चार लोखंडी नळ्या निघतात तिथे, गुंडाळलं. पाच मिनिटं थांबलो. दुसऱ्या सेल्फला चालू.

याचा अर्थ साधा आहे. त्या भागात, म्हणजे पंपाच्या हेडमध्ये, प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि त्याचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते. केस त्याच्या वीसेक पट जाड. ती फट झिजून वाढली की तापून पातळ झालेलं डिझेल मागे निसटतं, आणि सेल्फच्या संथ वेगात नॉझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. थंड केलं की डिझेल जरा घट्ट होतं, फट जरा आवळते आणि काम भागतं. ओल्या फडक्याने गाडी चालू होत असेल तर हेड झिजलंय, आणि मग पंप उतरवणं आलंच.

बाहेरून दिसणारी लक्षणंही आहेत: थ्रॉटलच्या दांड्याजवळून किंवा वरच्या झाकणाखालून डिझेल पाझरणं, आणि डिपस्टिकवर इंजिन ऑईल आपोआप ‘वाढणं’. ऑईल वाढतंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय, तर पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय आणि डिझेल टायमिंग केसमधून खाली उतरतंय. अशी गाडी चालवू नका. पातळ ऑईलवर बेअरिंग किती दिवस काढेल?

माझ्या जीपवर कोणता पंप आहे?

आरसी बुक वाचून सांगता येणार नाही. आपल्याकडच्या जुन्या जीपांची इंजिनं एवढ्यांदा बदललीत की मूळ कोणतं ते मालकालाही ठाऊक नसतं. प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० असेल, महिंद्राचंच डीआय असेल, किंवा आणखी कुठल्या गाडीचं. म्हणून पंप बघा. चार नळ्या एका ओळीत, शिपायांसारख्या उभ्या निघत असतील तर इनलाइन. गोल डोक्यातून चारही निघत असतील तर रोटरी.

मग पाटी घासून वाचा. रोटरीवर ‘व्हीई ४/९ एफ २२५० आर’ अशा धाटणीचं काहीतरी दिसेल. चार म्हणजे सिलिंडर, नऊ म्हणजे प्लंजरचा व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे वजनांचा यांत्रिक गव्हर्नर (वेग आवरणारा भाग), २२५० हे पंपाचे फेरे आणि आर म्हणजे उजवीकडे फिरणारा. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा २२५० म्हणजे इंजिनाचे ४५००. या पाटीचा फोटो काढून ठेवा. कॅलिब्रेशनचा, म्हणजे पंप किती डिझेल सोडतो ते जुळवण्याचा, सगळा हिशोब तिच्यावरच्या नंबरावरून होतो. पाटी नसलेला पंप म्हणजे जन्मपत्रिका नसलेलं पोर.

पाटीवर ‘मायको’ लिहिलेलं असेल तर बिचकू नका. मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजेच भारतातली बॉश. १९५१ साली बंगळुरात सुरू झाली आणि २००८ मध्ये नाव बॉश लिमिटेड झालं. आमचे मेस्त (मेकॅनिक) अजूनही सगळ्या पंपांना मायको पंपच म्हणतात.

इनलाइन चांगला की रोटरी?

खराब डिझेलवर इनलाइन जास्त तग धरतो. त्याच्या कॅमशाफ्टला स्वतःचं ऑईल असतं. रोटरीच्या पोटात मात्र वंगण म्हणून डिझेलशिवाय काही नाही, त्यामुळे डिझेलात पाणी आलं की आतल्या प्रत्येक भागाला ते सोसावं लागतं. माळिमच्या जेटीवरच्या ट्रॉलरवाल्यांना विचारा, ते इनलाइनचीच बाजू घेतील. पण त्यासाठी रोटरी काढून इनलाइन बसवायचा घाट घालू नका. ब्रॅकेट, गिअर, नळ्या सगळं बदलावं लागतं.

घरी उघडू का? यूट्यूबवर सोपं वाटतं.

कुठपर्यंत उघडायचा ते आधी ठरवा. वरच्या झाकणाचं गॅस्केट, थ्रॉटलच्या दांड्याची ओ-रिंग, बॅन्जो बोल्टचे (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर ही कामं घरी होतात, तीही बहुतेक वेळा पंप गाडीवर असतानाच. झाकणाच्या चार बोल्टांतला एखादा तिकोनी डोक्याचा असतो, त्याची तयारी ठेवा. थ्रॉटलचा आर्म काढण्याआधी आर्म आणि दांडा दोघांवर मिळून एक रेघ ओढा. एक दाता चुकला तरी आयडलिंग भलतीकडे जातं आणि मग माणूस दिवसभर स्क्रू फिरवत बसतो.

हेड मात्र घरी काढू नका. पंप आडवा असताना हेड मागे ओढलं तर आतली स्प्रिंग आणि शिम जागा सोडतात. त्याहून वाईट म्हणजे गव्हर्नरच्या लिव्हरचा गोल मणी प्लंजरवरच्या रिंगेच्या भोकातून सुटतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं. गाडी चालू करता आणि इंजिन थेट शेवटच्या फेऱ्यापर्यंत धावत सुटतं, पाय उचलला तरी. याला ‘रनअवे’ म्हणतात. एकदा ऐकलेला तो आवाज विसरत नाही.

मग पंप दुरुस्त करणारा लॅबवाला नेमकं काय करतो?

पंप पूर्ण खोलतो, स्वच्छ करतो, सगळी सीलं बदलतो आणि झिजलेले भाग मोजतो: व्हेन पंपाची पाती, रोलर, कॅम प्लेट, हेड आणि प्लंजर. प्लंजर आणि हेड ही जोडी असते, एकमेकांवर घासून बसवलेली. एका पंपाचा प्लंजर दुसऱ्याच्या हेडात चालत नाही. ‘जुन्यातला एक चांगला आहे, टाकू का?’ असं विचारणाऱ्याकडून पंप परत आणा.

त्यानंतर टेस्ट बेंच. गाडीत पंप न बसवता मोटरवर फिरवून वेगवेगळ्या फेऱ्यांना प्रत्येक नळीतून किती डिझेल येतं ते काचेच्या नळकांड्यांत मोजतात. साधं डिझेल वापरत नाहीत. आयएसओ ४११३ नावाचं ठराविक टेस्ट ऑईल वापरतात, कारण आकडे तुलनेला यायला हवेत. तुम्ही समोर उभे राहा. राहू देत नसेल तर लॅब बदला. कागदावर चार गोष्टी लिहून मागा: सेल्फच्या फेऱ्यांना किती डिझेल, फुल लोडला किती, आतला दाब किती आणि ॲडव्हान्स (डिझेल लवकर सोडणारी यंत्रणा) किती सरकतो. त्यातला पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बऱ्याचदा गाळला जातो. गाडी चालू व्हायची की नाही ते त्याच्यावर ठरतं.

आणखी एक. सील किट कोणतं टाकलं ते विचारा. जुन्या नायट्राइल रबराच्या रिंगा बरीच वर्षं जास्त गंधकाच्या डिझेलात मुरलेल्या असतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, ज्यात गंधक १० पीपीएम. अशा बदलात जुनं रबर आकसतं आणि कधी न गळणारा पंप गळू लागतो. व्हायटन रबराच्या रिंगा घाला.

गंधक गेलं म्हणजे वंगण गेलं ना? टू-स्ट्रोक ऑईल घालू?

आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात, आयएस १४६० मध्ये, वंगणपणाची चाचणी आहे: झिजेचा डाग ४६० मायक्रॉनच्या आत हवा. ती पाळण्यासाठी रिफायनरीत ॲडिटिव्ह घालतात. म्हणजे पेट्रोल पंपावरचं डिझेल आधीच त्या हिशोबाचं असतं. थोडंसं टू-स्ट्रोक घालणारे बरेच आहेत, त्यांचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. मी घालत नाही. रॉकेल मात्र घालू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. पंपाला ते कोरडंच.

पंप उतरवताना काय जपायचं?

धूळ आणि खुणा.

आधी सगळा परिसर डिझेल आणि ब्रशने धुऊन काढा. नळी सोडली की लगेच तिचं आणि पंपाचं तोंड झाका, पण चिंधीने नाही. चिंधीचा एक धागा नॉझलमध्ये जाऊन बसला की झालं. स्वच्छ प्लास्टिकची टोपणं वापरा. इंजिन पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे, आणा, फ्लायव्हीलची खूण बघा आणि पंपाच्या फ्लँजवरून इंजिनवर सरळ जाईल अशी बारीक टोकदार रेघ ओढा. खडूने नाही, खडू पुसला जातो. गिअर असो की चेन, ती हलणार नाही अशी अडकवा.

पंपाचा शाफ्ट निमुळता असतो, गिअर त्यावर घट्ट बसलेला. पुलर लावा. हातोडा मारला तर आतल्या भागांना मार बसतो. आणि शाफ्टवरच्या अर्धचंद्राच्या ‘की’वर नजर ठेवा. माझी पडली. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी संध्याकाळी, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान आणायला बाजारात जायचं म्हणून घाईघाईत पंप मागे ओढला आणि टिंग असा आवाज आला. टायमिंग केसच्या आत. तारेला चुंबक बांधून दोन तास केसमध्ये गळ टाकत बसलो. सापडली, पण माटोळी भावाने बांधली आणि ते अजून ऐकवतो. तेव्हापासून पंप ओढण्याआधी केसच्या तोंडात मी चिंधीचा बोळा घालतो. चिंधी चालते ती फक्त इथे, आणि नंतर आठवणीने काढायची.

परत बसवताना?

बसवण्याआधी पंपात इनलेटमधून गाळलेलं स्वच्छ डिझेल भरा. कोरडा पंप सेल्फवर फिरवणं म्हणजे नव्या हेडवर ओरखडे काढणं. निमुळता भाग पुसून कोरडा करा, तेल नको. की नीट बसली का बघा, मग नट.

नळ्यांचा क्रम चुकवणारे खूप. रोटरीच्या डोक्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं कोरलेली असतात. ती सिलिंडरचे नंबर नाहीत, फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम आहे. फायरिंग १-३-४-२ असेल तर ए पहिल्याला, बी तिसऱ्याला, सी चौथ्याला, डी दुसऱ्याला. नळ्यांचे नट बहुधा १७ च्या पान्याचे. साधारण २५ न्यूटन-मीटर पुरे. जोर लावून आवळले तर नळीचं टोक चेपतं आणि मग ते गळायचं थांबत नाही.

दोन बॅन्जो बोल्ट सारखे दिसतात, सारखे नसतात. परतीच्या बोल्टवर ‘आउट’ लिहिलेलं असतं आणि त्यात बारीक छिद्र असतं. तो इनलेटला लावला तर पंपाला डिझेल पुरत नाही. गाडी चालू होते आणि लगेच मरते, आणि सगळे पुन्हा लॅबला शिव्या घालतात.

टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कधी सुटावं ते, कानाने लावतात ते बरोबर?

ज्याचे कान तीस वर्षांचे आहेत त्याचं बरोबर येतं. तुमचं-माझं नाही.

रोटरीत डोक्याच्या मधोमध, चार नळ्यांच्या मध्ये एक बोल्ट असतो. तो काढून तिथे ॲडॅप्टर आणि डायल गेज बसवा. कोल्ड स्टार्टची केबल असेल तर आधी सोडवा, नाहीतर आकडा खोटा येतो. इंजिन हाताने उलटं फिरवत न्या, काटा खाली जायचा थांबला की गेज शून्यावर आणा. मग सरळ दिशेने सावकाश टायमिंगच्या खुणेपर्यंत या आणि काटा किती मिलिमीटर चढला ते वाचा. आकडा इंजिनाप्रमाणे वेगळा, साधारण अर्धा ते दीड मिलिमीटरच्या टप्प्यात. तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या. खूण ओलांडली तर तेवढंच मागे येऊ नका. गिअरची ढिलाई आकड्यात शिरते. पुन्हा पाव फेरा मागे जाऊन पुढे या.

कमी-जास्त करायला पंपाचे बोल्ट सैल करून पंपच फिरवायचा. शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट फिरवला की टायमिंग पुढे येतं, त्याच दिशेने फिरवला की मागे जातं. फार पुढे गेलं तर इंजिन टणटण ठोकतं. फार मागे गेलं तर इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो आणि चढावर दम नाही.

इनलाइनमध्ये थेंबाचं टायमिंग. पहिल्या सिलिंडरची डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावतात, वरून डिझेल सोडतात आणि इंजिन हळू फिरवतात. धार तुटून थेंब पडू लागले की तो क्षण. गेज लागत नाही, संयम लागतो.

सगळं बसवलं, सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. आता?

हवा काढली का नीट? हातपंपाने तोवर मारा जोवर परतीच्या पाइपातून बुडबुड्याशिवाय डिझेल येत नाही. मग नॉझलकडचे चारही नट एक फेरा सैल करा, दहा-पंधरा सेकंद सेल्फ, एक मिनिट विश्रांती. डिझेल उडू लागलं की एकेक आवळा. चेहरा आणि हात दूर. चालू इंजिनात नळीचा दाब त्वचा भेदून आत जातो. टाचणीएवढी जखम दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट गमवायची पाळी येते. असं झालं तर हळद लावत बसू नका, थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात).

तरी पेटत नसेल तर चावी फिरवून पंपावरच्या सोलेनॉइडचा (चावीने डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या खटक्याचा) ‘टक्’ ऐका. निम्म्या वेळा तिथली वायर लावायची राहिलेली असते. माझीही एकदा राहिली होती.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि हातात पाटाएवढी फळी घेऊन कुणाला तरी उभं करा. इंजिन सुसाट सुटलं तर तोंडावर फळी दाबायची. हात किंवा फडकं नाही, ते ओढलं जातं.

पंपावरचा डिझेल वाढवणारा स्क्रू पाव फेरा आवळला की गाडी पळते म्हणतात...

पळते. काळा धूरही पळतो, पीयूसीच्या यंत्रावर दिसतो आणि घाटात इंजिन तापतं. लॅबने सील केलेल्या स्क्रूला हात लावू नका.

पावसाळ्यात गाडी उभी असते. काय करू?

कुळ्याच्या दूधसागर जीपवाल्यांचाही हाच प्रश्न. जूनपासून सफारी बंद, गाड्या उभ्या. रिकाम्या टाकीत आपली ओली हवा असते, रात्री पत्रा थंड झाला की पाणी सुटतं आणि तळाशी बसतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात. फिल्टरमध्ये जो काळा चिकट गाळ मिळतो तो त्यांचाच. म्हणून टाकी तोंडापर्यंत भरून ठेवा, फिल्टरच्या वाटीतलं पाणी आठवड्याला सोडा आणि इंजिन तेव्हाच चांगलं तापेपर्यंत चालवा. दोन मिनिटं घुरघुरवून बंद करण्यात अर्थ नाही.

सफारीच्या मोसमात ओहोळ ओलांडताना वेगळी भानगड होते. तापलेली टाकी थंड पाण्यात बुडते, आतली हवा आकसते आणि श्वासाच्या नळीतून पाणी आत खेचलं जातं. ती नळी वर, सीटच्या उंचीला नेऊन बांधा. पाच फूट रबरी पाइप आणि दोन क्लिपा.

आणि डिझेलचा कॅन वेगळा ठेवा. माझ्या दुसऱ्या पंपाचं हेड कशाने गेलं सांगू? पोफळींवर बोर्डो मारायचे दिवस, शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. गड्याने त्यातलाच एक कॅन हिसळून त्यात डिझेल आणलं. हिसळला होता, पण तळाच्या कोपऱ्यात चुन्याची निळी साय राहिली. लॅबमध्ये प्लंजर बाहेर आला तेव्हा त्यावर उभे ओरखडे होते, नखाला लागतील असे. फिल्टर उघडला तर कागद निळसर. आता आमच्या डिझेलच्या कॅनला लाल रंग मारलाय आणि तो जीपच्या शेडमध्ये कुलपात असतो, चावी माझ्याकडे.